फायर एनओसी काढताय? आधी मागच्या जिन्याचं दार उघडून बघा

फायर एनओसीच्या, म्हणजे अग्निशमन विभागाच्या ना-हरकत दाखल्याच्या, फायलीत कागद बहुतेक वेळा पुरे असतात. घोडं पेंड खातं ते मागच्या जिन्याच्या दारापाशी. लातुरात एका क्लासच्या तिसऱ्या मजल्यावर मी कागद तपासायला गेलो होतो. दाराला नवाकोरा पॅनिक बार (ढकलली की दार उघडणारी दांडी), वर हिरवी पाटी, आणि त्या दांडीखालीच कोयंडा ठोकून कुलूप. किल्ली कुठे, तर शिपायाकडे. शिपाई कुठे, तर चहाला. मालकांचं म्हणणं, "पोरं मागून पळून जातात हो."

हा अर्ज कुणाला लागतो, ते आधी पाहू. 'महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६' प्रमाणे आगीपासून बचावाची साधनं बसवणं आणि ती चालू ठेवणं ही जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची आहे. दुकानांचं संकुल, लॉज, दवाखाना, मंगल कार्यालय, क्लास असं काही चालवत असाल तर आपण यातून सुटलो असं धरून चालू नका. गाळा भाड्याचा असला तरी भाडेकरू भोगवटादार ठरतो.

अर्ज कुठे करायचा ते जागेवर ठरतं. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, जालना इथे महापालिकेच्या अग्निशमन विभागात. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीच्या अग्निशमन विभागाकडे. बीड, धाराशिव, हिंगोलीत नगर परिषदेपासून सुरुवात करा.

एनओसी दोन टप्प्यांत मिळते. बांधकामाआधी नकाशावर तात्पुरती, आणि सगळं बसवून झाल्यावर अंतिम. अंतिमसाठी राज्य अग्निशमन संचालकांचा परवाना असलेल्या एजन्सीचा फॉर्म ए लागतो. त्याचा अर्थ, साधनं नियमाप्रमाणे बसवली असं त्या एजन्सीने लिहून देणं. ओळखीच्या फॅब्रिकेटरचं बिल त्याला चालत नाही. एजन्सीच्या परवान्याची मुदत आपण स्वतः बघून घ्यावी, हे मी प्रत्येकाला सांगतो.

सोबत साधारण हे कागद मागतात: मालकीचा पुरावा म्हणजे सातबारा किंवा मालमत्ता पत्रक, भाड्याची जागा असेल तर भाडेकरार, मंजूर नकाशा, बांधकाम परवानगी, असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, आधीची तात्पुरती एनओसी आणि साधनांची बिलं. फायर डोअर, म्हणजे आग आणि धूर अडवणारं दार, बसवलं असेल तर त्याचं चाचणी प्रमाणपत्र हवंच. नुसता लाल रंग दिलेलं पत्र्याचं दार म्हणजे फायर डोअर नव्हे. शुल्क बांधकामाच्या क्षेत्रफळावर बसतं. ते कार्यालयातच विचारा, एजंटाकडून नको.

आता दार. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ प्रमाणे बाहेर पडायच्या दाराची रुंदी किमान १ मीटर आणि उंची २ मीटर हवी. ते बाहेरच्या बाजूला उघडलं पाहिजे, आणि आतल्या माणसाला किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. दार उघडताच थेट पायरी नको, मध्ये चौक, म्हणजे सपाट जागा, हवा. पॅनिक बार म्हणजे दारावरची आडवी दांडी. अंगाचा भार पडला तरी खटका सुटतो. अंधारात कडी चाचपडायची गरज राहत नाही. ही कल्पना सुचली ती इंग्लंडमधल्या संडरलंडच्या घटनेनंतर. १८८३ मध्ये तिथल्या एका सभागृहाच्या जिन्याचं दार थोडंसंच उघडेल अशा बेताने कडी घातलेली होती आणि १८३ मुलं चेंगरून गेली. युरोपच्या ईएन ११२५ मानकात ही दांडी ८० न्यूटनमध्ये, म्हणजे सुमारे आठ किलोच्या दाबात, सुटली पाहिजे असं आहे. आपल्याकडे साधी परीक्षा करा: दहा-बारा वर्षांच्या मुलाला एका हाताने ढकलायला सांगा.

तपासणीत अर्ज अडवणाऱ्या गोष्टी ठरलेल्या आहेत. पॅनिक बार असूनही वर-खाली टॉवर बोल्ट, म्हणजे हाताने सरकवायच्या कड्या. आपलं आपण दार लोटणारा क्लोजर सुटलेला, कारण मे महिन्यात वारं यावं म्हणून दाराला वीट लावलेली. मग धूर जिन्यात शिरतो आणि फायर डोअर असून नसल्यासारखं. तिसरी गोष्ट खास आपल्या भागातली. चुंबकाचं कुलूप खरं तर लाइट गेली की सुटतं, पण इथे लाइट सारखी जाते म्हणून लोक ते इन्व्हर्टरवर टाकतात. मग आग लागून वीज तुटली तरी दार बंदच! ते फायर अलार्मच्या पॅनलला जोडा, अलार्म वाजताच सुटलं पाहिजे. आणि जिन्यातले पाण्याचे जार, जुने फ्लेक्स, मांडवाच्या खुर्च्या तपासणीच्या आदल्या दिवशी नाही, आजच हलवा.

चोरीची भीती वाटणं खरंच आहे. त्यासाठी दार उघडताच भोंगा वाजेल असा अलार्म मिळतो. बाहेरून किल्लीने आणि आतून दांडीने, असंही कुलूप मिळतं. लातूरच्या त्या क्लासने शेवटी भोंगाच लावला.

एनओसी मिळाली म्हणून फाइल कपाटात टाकू नका. दरवर्षी जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीचा फॉर्म बी द्यावा लागतो, की साधनं चालू स्थितीत आहेत. पोच घ्या, तारखेच्या शिक्क्यासह. भाडेकरारात फॉर्म बी कोण भरणार आणि क्लोजर-बिजागरीचा खर्च कुणाचा, हे एका ओळीत लिहून घ्या. नाहीतर नोटीस आली की मालक भाडेकरूकडे बोट दाखवतो आणि भाडेकरू मालकाकडे.