कोलारची चॅम्पियन शीर

कर्नाटकातील कोलार सुवर्णक्षेत्रातली (केजीएफ) सोने धरून असलेली क्वॉर्ट्झची, म्हणजे गारेची, मुख्य शीर. बंगळुरूच्या पूर्वेस सुमारे 100 किमी. असलेल्या या क्षेत्रातून सव्वाशे वर्षांत 800 टनांहून अधिक सोने निघाले. त्यातला मोठा वाटा या एका शिरेचा आहे.

भूविज्ञान : कोलारचा शिस्ट (पापुद्र्यांचा रूपांतरित खडक) पट्टा उत्तर-दक्षिण सुमारे 80 किमी. लांब आणि बहुतेक ठिकाणी अवघा 3–4 किमी. रुंद आहे. दोन्ही बाजूंना ग्रॅनाइट व नाइस (पट्टेदार रूपांतरित खडक), मध्ये सुमारे 270 कोटी वर्षांपूर्वीच्या बेसाल्टपासून झालेला काळा खडक, अँफिबोलाइट. पट्टा दाबला जात असताना कातरलेल्या भेगांतून पाणी, कार्बन डाय-ऑक्साइड आणि गंधकयुक्त संयुगांचे उष्ण द्राव वर आले. सोने गंधकाला बांधलेले होते. भेग उघडून दाब एकदम उतरला किंवा गंधक भिंतीतल्या लोखंडाने ओढून घेतले, की सोने गारेत बसले. ही क्रिया पुन्हापुन्हा झाल्याने चॅम्पियनची निळसर-करडी गार पापुद्र्यांची दिसते. दोन पापुद्र्यांमध्ये भिंतीच्या दगडाची काळी रेघ असते.

शिरेची सरासरी जाडी एक मीटरच्या आसपास. पृष्ठभागाजवळ ती पश्चिमेकडे उतरते आणि खोलीवर जवळजवळ उभी होते. तिच्यातले सोने बहुतांशी मोकळे आहे. पश्चिमेकडच्या मॅक्टॅगार्ट, ओरिएंटल या शिरांत मात्र पायरोटाइट, आर्सेनोपायराइट अशा गंधकी खनिजांची साथ जास्त आहे. चॅम्पियनचे काम सुमारे 8 किमी. लांबीत झाले, पण या लांबीतही सोने सरसकट नाही. श्रीमंत गार तिरप्या पट्ट्यांत साठते आणि दोन पट्ट्यांमध्ये तीच शीर, तेवढीच जाड, जवळजवळ सोन्याविना निघते. कोलारचा शोधेतिहास समजायला हे एक वाक्य पुरते.

शोध : 1802 मध्ये म्हैसूरच्या पूर्व सीमेची मोजणी करताना लेफ्टनंट जॉन वॉरन यांनी सोने मिळण्याच्या गोष्टी ऐकून बक्षीस लावले. गावकऱ्यांनी गाडीभर माती आणून त्यांच्यासमोर धुतली, तळाला सोन्याची कणी दिसली. याच क्षेत्रातल्या मारिकुप्पमजवळ लोक जुन्या विवरांतून दगडही काढत होते. पुढे आयर्लंडचे मायकेल लव्हेल यांनी 1873 मध्ये अर्ज केला आणि 1875 मध्ये वीस वर्षांचा परवाना मिळवला. उरिगम येथे त्यांनी कूपक (खाणीत उतरायची उभी विहीर) खणायला घेतला, पण पैसा पुरेना. दोन वर्षांत हक्क दुसऱ्यांकडे गेले.

1880 च्या सुमारास लंडनच्या भांडवलावर कंपन्या उभ्या राहिल्या आणि त्यातल्या बहुतेक बुडू लागल्या. उथळ खणून, सोने दिसले नाही की जागा बदलायची, अशी त्यांची रीत होती. जॉन टेलर अँड सन्सने कोलारमधल्या ‘म्हैसूर’ नावाच्या खाणीवर पाठवलेल्या कॅप्टन प्लमर यांनी जुन्या विवरांचे म्हणणे मानले. प्राचीन खाणकऱ्यांनी जिथे पाणी लागेपर्यंत दगड पोखरला, तिथे श्रीमंत पट्टा आहे, आणि त्यांची अडचण सोने संपल्याची नव्हे, पाणी उपसण्याची होती. त्या पोखरणीखाली उतरल्यावर 1883 नंतर चॅम्पियन शीर अखंड सापडली.

नमुने : मोकळ्या सोन्याच्या शिरेत शोधकाला फसवतो तो एखादाच ठळक कण. शिरेच्या आडव्या रोखाने 5–10 सेंमी. रुंद व 2–3 सेंमी. खोल खाच पाडून, दर एक-दोन मीटरवर, गार आणि भिंत यांचे वेगळे नमुने घेतात. छिन्नीखाली मऊ भिंत जास्त आणि कठीण गार कमी तुटते, त्यामुळे खाच एकसारखी नसेल तर आकडा आपोआप खाली येतो. प्रयोगशाळेत 30 किंवा 50 ग्रॅम भुकटी लिथार्ज (शिशाचे ऑक्साइड) व बोरॅक्सबरोबर वितळवून शिशाची गोळी करतात आणि ती क्युपेलवर (शिसे शोषून घेणाऱ्या सच्छिद्र वाटीत) जाळून सोने-चांदीचा मणी उरवतात. एवढ्याशा भुकटीत एक कण आला तर शीर सोन्याची, नाही आला तर ओसाड ठरते. म्हणून मोठा नमुना चाळून जाड भाग वेगळा तपासतात. वेधनात (यंत्राने भोक पाडून दगडाची कांडी, म्हणजे गाभा, काढताना) शीर पश्चिमेकडे उतरते म्हणून यंत्र पश्चिमेला उभे करून भोक पूर्वेकडे तिरपे घालायचे, जेणेकरून शीर शक्य तितक्या काटकोनात छेदली जाईल. तिरकस छेदलेली एक मीटरची शीर अडीच मीटरची दिसते. ठिसूळ गार गाभ्यातून चुरा होऊन वाहून गेली, तर सोनेही चिखलाबरोबर जाते. गाभा किती हाती आला हे न लिहिलेली नोंद टाकाऊच समजावी.

खोली : 1902 मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र जलविद्युत केंद्राहून सुमारे 147 किमी. लांब तारेने वीज आली आणि पाणी उपसणे, हवा खेळवणे सोपे झाले. शिरेवरचे काम 3 किमी.पेक्षा खोल पोचले. तळचा दगड 65° से.च्या पुढे तापलेला असे. कठीण अँफिबोलाइट आणि ठिसूळ गार यांत दडलेला ताण पोकळी होताच धडाक्याने सुटे. ग्रॅनाइटच्या भिंती व काँक्रीटचे भराव घालूनही हे शैलस्फोट थांबले नाहीत. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मात्र याच खोलीचा फायदा घेतला, कारण वरचा दगड इतर वैश्विक किरण अडवतो, आणि 1965 मध्ये वातावरणीय न्यूट्रिनोंची (वातावरणात वैश्विक किरणांमुळे तयार होणाऱ्या सूक्ष्म कणांची) पहिल्या-पहिल्यांतली नोंद इथेच झाली.

सुरुवातीला टनभर दगडामागे 40 ग्रॅम सोन्याच्या पुढे असलेली प्रत शेवटी 3 ग्रॅमच्या आसपास आली. 28 फेब्रुवारी 2001 रोजी काम बंद पडले.