एफआयआर झाली म्हणजे मनाई हुकूम मिळाला, असं नाही

खासगी फोटो कुणी परवानगीशिवाय पसरवले तर सायबर पोलिसांकडे जायचं, हे पुण्यात आता बहुतेकांना ठाऊक आहे. भारतीय न्याय संहितेचं कलम 77, आयटी कायद्याचं 66ई. त्यावर वेगळं लिहीत नाही. घोळ होतो तो पुढे. ‘गुन्हा दाखल झालाय, आता कोर्ट बघेल’ म्हणून लोक थांबतात.

फौजदारी खटला सरकार विरुद्ध आरोपी असा चालतो. त्यात तुम्ही साक्षीदार, आणि निकालात मिळते ती आरोपीला शिक्षा. दिवाणी दाव्यात वादी तुम्हीच. प्रसार थांबवा, आहे ते हटवा, नुकसानभरपाई द्या, हे मागणं तुमचं. त्यासाठी ‘आधी गुन्हा शाबीत होऊ दे’ म्हणून वाट पाहायची गरज नाही. दोन्ही एकाच वेळी चालतात. दिवाणी कोर्टात पुराव्याचं पारडं तुमच्याकडे झुकलं तरी पुरतं. फौजदारीत वाजवी संशयाला जागा उरता कामा नये.

खरी निकड तूर्तातूर्त मनाईची, म्हणजे दाव्याचा निकाल लागेपर्यंत प्रसार थांबवणाऱ्या हुकमाची. शिवाजीनगर कोर्टात दाव्यासोबतच निशाणी 5 चा, म्हणजे याच मनाईचा, अर्ज द्यायचा. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 39 खाली तो चालतो. एरवी समोरच्याला आधी नोटीस जाते, पण नोटिशीनं हेतूच फसणार असेल तर नियम 3 प्रमाणे कारणं नोंदवून एकतर्फी हुकूम देता येतो. तोच मागा. ‘आधी वकिलाची नोटीस धाडून बघू’ हा सल्ला मला अजिबात पटत नाही. ज्याच्या फोनमध्ये फोटो आहेत, त्याला ते आणखी चार जणांना पाठवायला आपणच सवड देतो. हुकूम मोडला तर नियम 2अ नुसार मालमत्ता जप्त होऊ शकते, तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैदही होऊ शकते.

फोटो वेबसाइटवर असतील तर प्लॅटफॉर्मलाही प्रतिवादी करा, आणि प्रत्येक लिंक पूर्ण लिहा. ‘इंटरनेटवरून काढा’ अशी मोघम विनंती अंमलात आणता येत नाही. स्क्रीनशॉटसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (नव्या पुरावा कायद्याच्या) कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं.

‘फोटो दिलाच कशाला?’ हा प्रश्न तर बंदच व्हायला हवा. काढू दिला म्हणजे वाटायची मुभा दिली असं होत नाही. कलम 77 च्या स्पष्टीकरणातच तसं लिहिलंय.

नाव उघड होण्याची भीती असेल तर ओळख झाकण्याची मागणी दावा दाखल करतानाच करा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.