पार्श्वभूमी: डॅशबोर्डमधली चौकोनी जागा आणि गाडीतल्या गाण्यांचा इतिहास

दहा-पंधरा वर्षे जुनी गाडी घेऊन नाशिकमधल्या कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "सिंगल डिन आहे की डबल?" डिन म्हणजे डॅशबोर्डमधल्या स्टीरिओच्या जागेचे ठरलेले माप. स्टीरिओ अर्ध्या तासात बदलून मिळणार, की दिवसभर डॅशबोर्ड उघडा पडणार, हे बरेचसे या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. त्या प्रश्नामागे नव्वदहून अधिक वर्षांची गोष्ट आहे, आणि तिचे काही धागे नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीपर्यंत येतात.

सुरुवात अमेरिकेत झाली. शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कॉर्पोरेशनच्या पॉल गॅल्विन यांनी 1930 मध्ये स्वतःच्या गाडीत रेडिओ बसवला आणि ती चालवत अटलांटिक सिटीला रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला नेली. या रेडिओला त्यांनी 'मोटोरोला' नाव दिले, पुढे कंपनीच त्या नावाने ओळखली जाऊ लागली. रेडिओ व्हॉल्व्हवर, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांवर, चालायचा. व्हॉल्व्हला शंभर-दोनशे व्होल्टचा दाब लागतो आणि गाडीची बॅटरी तेव्हा सहा व्होल्टची. म्हणून पुढच्या सेटमध्ये व्हायब्रेटर नावाचा गुणगुणणारा भाग आणि ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज चढवावे लागे. इंजिनाच्या स्पार्कची खरखर दाबण्याची कसरत निराळीच. पण आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मोटोरोला कारखान्यातून गाडीबरोबर येत नव्हता. गाडी एकाची, रेडिओ दुसऱ्याचा आणि बसवणारा तिसरा, अशी ही विभागणी पहिल्या दिवसापासून होती.

युरोपात 1932 मध्ये जर्मनीच्या ब्लाउपुंक्टने 'ऑटोसुपर एएस 5' आणला. वजन जवळपास पंधरा किलो, किंमत 465 राइशमार्क, म्हणजे छोट्या गाडीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा. एवढे धूड डॅशबोर्डमध्ये मावेना, म्हणून ते दुसरीकडे बसवून त्याची बटणे स्टिअरिंगच्या दांड्यावर दिली होती. स्टिअरिंगवरची ऑडिओ बटणे आपण अलीकडची सोय समजतो, पण तिची सुरुवात ही अशी आहे. पुढच्याच वर्षी, 1933 मध्ये, बॉश समूहाने ही कंपनी विकत घेतली आणि 2008 च्या अखेरीपर्यंत सुट्या विक्रीचा कार ऑडिओ व्यवसाय स्वतःकडे ठेवला. नाशिककरांना बॉश म्हणजे 'मायको'. मोटर इंडस्ट्रीज कंपनी हे नाव 2008 मध्ये बदलून बॉश लिमिटेड झाले, तरी मायको सर्कल मायको सर्कलच राहिले. सातपूरच्या कारखान्यात डिझेल इंजेक्शनचे सुटे भाग होत, रेडिओ नाही. पण ज्या समूहाच्या पगारावर नाशिकमधली कितीतरी घरे उभी राहिली, त्याच समूहाचा गाडीतल्या गाण्यांच्या इतिहासातही मोठा वाटा आहे, आणि पुढे तो पुन्हा भेटतो.

पन्नाशीच्या दशकात व्हॉल्व्हच्या जागी थोड्या व्होल्टवर चालणारा ट्रान्झिस्टर आला. क्रायस्लरने फिल्को कंपनीकडून पूर्ण ट्रान्झिस्टरचा रेडिओ बनवून घेतला आणि व्हायब्रेटरची गरज संपली. 1963 मध्ये फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट मांडली आणि तिच्यामुळे गाडीतला माणूस रेडिओ केंद्राच्या तंत्रातून सुटला.

आपल्याकडे त्या काळात घरी काय, गाडीत काय, रेडिओ ठेवायला परवाना लागे. पोस्टात जाऊन दरवर्षी त्याचे पैसे भरायचे, ही पद्धत ऐंशीच्या दशकात संपली. ॲम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात गाडीला रेडिओ असणे ही चैन होती, आणि तो बाहेरून बसवून घ्यायचा, बोनेटच्या बाजूला लांब एरियल उभा करून. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 आली आणि गाडी मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली, पण 'टेप' बसवायचा तो बाजारातूनच. गाडीची डिलिव्हरी घ्यायची, पूजा करायची आणि तिथून थेट टेप बसवायला न्यायची, असा क्रम कितीतरी घरांत होता. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडे जपानी सेटची फर्माईश व्हायची. आणि तो सेट आपल्या गाडीत बसेल का, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने उभा राहायचा.

त्या प्रश्नाचे उत्तर जर्मनीत तयार झाले, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातली ती सर्वांत मोलाची घटना आहे. जर्मनीच्या मानकसंस्थेने, म्हणजे डिनने, गाडीतल्या रेडिओच्या जागेचे माप ठरवले. 1984 मध्ये तेच आंतरराष्ट्रीय मानक झाले, आयएसओ 7736. सेटचा दर्शनी भाग सुमारे 180 मिमी रुंद आणि 50 मिमी उंच, आणि डॅशबोर्डमधली खाच त्याहून किंचित मोठी. जपानी कंपन्यांनी दुप्पट उंचीचा, 100 मिमीचा, डबल डिन रूढ केला. मागच्या वायरिंगच्या कपलरसाठीही, म्हणजे जोडणीच्या प्लगसाठीही, आयएसओ 10487 हे वेगळे मानक आले, पण ते सगळ्यांनी पाळले नाही. टोयोटाने रुंदी 200 मिमी ठेवली, म्हणून इनोव्हामध्ये साधा डबल डिन बसवला की दोन्ही बाजूंना फट राहते आणि ती झाकायला पट्ट्या लावाव्या लागतात.

माप ठरल्यामुळे गाडीवाला कंपनीच्या मर्जीतून मोकळा झाला. सेट बिघडला तर दुसऱ्या कुठल्याही कंपनीचा आणून बसवता येई. कॅसेट गेली, सीडी आली, मग एमपी 3, यूएसबी, ब्लूटूथ आले, पण खाच तीच राहिली. नव्वदच्या दशकातली झेन, 1998 ची सँट्रो, इथेच सातपूरला तयार झालेली जुनी बोलेरो, या सगळ्यांना हा लाभ मिळाला. याच सोयीचा फायदा चोरांनीही घेतला. ज्याला बसवायला दहा मिनिटे, त्याला काढायला दोन. त्यावर उपाय म्हणून काढता येणारे पुढचे पॅनल आले, आणि परदेशी कंपन्यांनी सेटला सांकेतिक कोड दिला. बॅटरी काढली की सेट तो कोड मागतो. जुनी युरोपीय गाडी सेकंडहँड घेताना कोडचे कार्ड मागून घ्यायला विसरू नका.

जुना परदेशी सेट आणणाऱ्यांसाठी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. जपानमधला एफएम पट्टा 76 मेगाहर्ट्झला सुरू होऊन जुन्या सेटवर 90 ला संपतो, त्यामुळे तिथून आलेल्या सेटवर आपली बहुतेक केंद्रे लागतच नाहीत. अमेरिकी सेट 0.2 च्या पायरीने सरकतात आणि फक्त विषम दशांशावर थांबतात: 101.3, मग 101.5. आपली नाशिक आकाशवाणी 101.4 वर. म्हणजे नेमकी मधे अडकते! 98.3 वरचे केंद्र मात्र बरोबर लागते. आपल्याच प्रसारणाला असे मुकणे मला खरोखर खटकते. बऱ्याच सेटमध्ये प्रदेश बदलण्याची सोय मेनूत किंवा खालच्या एका स्विचमध्ये असते, ती बसवण्याआधीच तपासावी.

दोन हजारनंतरच्या दशकात वारे फिरले. कंपन्यांनी स्टीरिओ डॅशबोर्डच्या प्लास्टिकमध्येच घडवायला सुरुवात केली. 2005 च्या स्विफ्टच्या वरच्या मॉडेलमधला सेट डॅशबोर्डचाच भाग वाटतो. दिसायला सुबक, पण चौकोनी खाच गेली. आणि इथे बॉश पुन्हा येते. 1983 पासून तिथल्या अभियंत्यांनी विकसित केलेले आणि 1986 मध्ये जाहीर केलेले 'कॅन' हे जाळे गाडीतल्या निरनिराळ्या यंत्रणांना मोजक्या तारांवर एकमेकींशी बोलू देते. या जाळ्यामुळे वायरिंगचे वजन आणि गुंता कमी झाला, हे निर्विवाद. पण हळूहळू स्टिअरिंगची बटणे, पार्किंग सेन्सर, घड्याळ, इतकेच काय काही गाड्यांत एसीची माहितीही त्याच जाळ्यातून स्टीरिओच्या पडद्यावर येऊ लागली. मग स्टीरिओ काढला की बाकीची कामेही अडतात. त्यासाठी त्या गाडीची खास फ्रेम आणि कॅनचा संदेश समजणारा जोडडबा घ्यावा लागतो.

म्हणून आज जुन्या गाडीचा मालक एका अर्थाने सुदैवी आहे. त्याच्या डॅशबोर्डमध्ये मानक मापाची जागा आहे, तारांमधून फक्त वीज आणि आवाज जातो, आणि 2014-15 मध्ये आलेले कारप्ले व अँड्रॉइड ऑटो (फोनमधली ॲप्स गाडीच्या पडद्यावर आणणाऱ्या सोयी) असलेला सेटही तो बसवू शकतो. नवी गाडी घेणाऱ्याला कंपनीने दिले तेच वर्षानुवर्षे वापरावे लागते. गाडीचे आयुष्य पंधरा वर्षे आणि पडद्याचे सॉफ्टवेअर पाच वर्षांत जुने, हा हिशेब ग्राहकाच्या बाजूचा नाही, असे मला ठामपणे वाटते.

खोक्यावर छापलेल्या '50 वॅट × 4' या आकड्याचा उगमही समजून घेण्यासारखा आहे. इंजिन चालू असताना गाडीत सुमारे 14.4 व्होल्ट मिळतात आणि स्पीकर चार ओहमचा असतो. व्होल्टचा वर्ग भागिले ओहम केले की साधारण 52 येतात. पण ही आवाज पूर्ण फाटलेल्या अवस्थेतली कमाल आहे. स्वच्छ आवाजासाठी गणितानेच 26 च्या वर जाता येत नाही, आणि यंत्रातली घट धरली तर हाती वीसच्या आसपास उरतात. वेगळा ॲम्प्लिफायर न लावता कुणी जास्त सांगत असेल तर तो फक्त छापील आकडा वाचून दाखवतो आहे. तेवढ्या पैशांत पुढचे दोन स्पीकर चांगले घ्यावेत, फरक कसारा घाट चढताना खिडक्या बंद केल्या की लगेच कळतो.

बसवताना कंपनीच्या तारा कापू देऊ नका. गाडीच्या मॉडेलनुसार तयार कपलर मिळतो, त्याची किंमत स्टीरिओपुढे किरकोळ असते. बाजारातल्या सेटची पिवळी तार कायम विजेची, लाल किल्लीबरोबर चालू होणारी, काळी अर्थिंगची. पिवळी आणि लाल उलट जोडल्या गेल्या तर किल्ली काढताच सगळी सेटिंग पुसली जातात. काही युरोपीय गाड्यांच्या कपलरमध्ये या दोन जागा मुळातच उलट असतात, तेव्हा मीटर लावून बघायला सांगा. आणि काढलेला कंपनीचा सेट दुकानात न सोडता, कोडच्या कार्डासकट, घरी आणून ठेवा. गाडी विकताना घेणारा तो मागतो.