घोरपडीचे बीळ आणि लेआउटची फाइल: नागपुरातल्या जमीन-परवानग्यांची पार्श्वभूमी

बेसा, बेलतरोडी, हुडकेश्वर, नरसाळा, वाठोडा, जामठा. नागपूर या बाजूंनी पसरत गेले आणि शेतांचे लेआउट होत गेले. लेआउटच्या फाइलमध्ये सातबारा येतो, मोजणीचा नकाशा येतो, झोन दाखला येतो, रस्त्यांची रुंदी आणि मोकळी जागा येते. झाड तोडायचे असेल तर त्याची वेगळी परवानगी लागते. बांधावरचे वारूळ किंवा नाल्याच्या काठातले घोरपडीचे बीळ यांच्यासाठी मात्र एकही रकाना नाही. नाग, घोणस, धामण, अजगर, घोरपड हे सगळे आज वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्याच पंक्तीत बसतात. तरी त्यांची जागा जाते ती पूर्ण कायदेशीर शिक्क्यानिशी. हे कसे घडले ते कळायला दोन इतिहास पाहावे लागतात, एक प्राण्यांच्या कायद्याचा आणि दुसरा जमिनीच्या कायद्याचा. दोन्ही आपापल्या वाटेने चालत आले. नागपूर भागात त्यांची गाठ पडली ती फक्त ‘झुडपी जंगल’ या एका महसुली नोंदीत, आणि तीही योगायोगाने.

इंग्रजी अमलात साप मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस देत असे. १९१२ च्या पक्षी-प्राणी संरक्षण कायद्याच्या यादीत पक्षी होते, हरणे, रानम्हशी, गेंडे होते, पण सरपटणारा एकही प्राणी नव्हता. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याने ते चित्र बदलले. अजगर आणि घोरपड सुरुवातीच्या काळातच पहिल्या अनुसूचीत गेले. त्यामागचे कारण लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळात साप, अजगर आणि घोरपडीची कातडी पट्टे, पर्स, चपलांसाठी मोठ्या प्रमाणावर परदेशी जात होती. सापाच्या कातड्याच्या निर्यातीवर १९७६ मध्ये बंदी आली. सरपटणाऱ्यांचे संरक्षण घडले ते या व्यापाराला तोंड देण्यासाठी. त्यामुळे कायद्याने पकडणारा हात पाहिला, विकणारे दुकान पाहिले. बुलडोझरखाली जाणारी जमीन त्याच्या नजरेच्या टप्प्यात नव्हती.

तरी कलम २(१६) मधली ‘शिकारी’ची व्याख्या नीट वाचली तर त्यात एक धारदार तरतूद सापडते. मारणे, पकडणे, सापळा लावणे ही तर शिकार आहेच. शिवाय पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांच्या बाबतीत अंड्यांची नासधूस करणे, अंडी किंवा घरटे विस्कटणे हीसुद्धा शिकारच. सस्तन प्राण्याच्या गुहेला हे कवच नाही, नागाच्या अंड्यांना आहे. नागिणीची अंडी असलेले वारूळ जेसीबीने उलथले तर शिकारबंदीच्या कलम ९ चा भंग होतो. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी त्याला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५,००० रुपये दंड आहे. अडचण पुराव्याची. माती सपाट झाल्यावर अंडी होती हे दाखवणार कसे? आणि अंडी नसतील तेव्हा तेच वारूळ कायद्यापुढे नुसता मातीचा ढिगारा ठरते.

अधिवासाला थेट संरक्षण कलम २९ आणि ३५ मध्ये आहे, पण ते अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यानापुरते. पेंचच्या सीमेत ते लागू होते, हुडकेश्वरच्या शेतात नाही. प्राणी उचलून दुसऱ्या योग्य जागी नेण्याची वाट कलम १२ मध्ये १९८२ च्या दुरुस्तीने आली. ‘शास्त्रीय व्यवस्थापन’ या नावाखाली स्थलांतराची परवानगी मिळू शकते, पण पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी आधी केंद्र सरकारची संमती लागते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, सहा अनुसूचींच्या चार केल्या आणि आधी दुसरीत असलेले नाग, घोणस, धामण पहिलीत आणले. प्राण्याचा दर्जा चढला, जमिनीचा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

अमेरिकेत नेमक्या त्याच वर्षी, १९८२ मध्ये, वेगळी दिशा घेतली गेली. धोक्यात आलेल्या प्रजातींसाठीच्या तिथल्या १९७३ च्या कायद्यात जमीनमालकाने बांधकामामुळे होणारी हानी आधी लिहून द्यायची, भरपाईचा आराखडा द्यायचा आणि मग परवाना घ्यायचा, अशी सोय झाली. कॅलिफोर्नियातल्या कोचेला खोऱ्यात १९८६ मध्ये वाळूत राहणाऱ्या एका सरड्यासाठी असा आराखडा झाला. विकासकांनी एकरी ६०० डॉलर भरायचे आणि त्या निधीला इतर पैशांची जोड देऊन सरड्यासाठी राखीव क्षेत्रे घ्यायची. ही पद्धत निर्दोष नाही. पण त्यात ‘इथे कोणता प्राणी राहतो’ हा प्रश्न जमिनीच्या फाइलमध्येच विचारला जातो. आपल्याकडे तो प्रश्न वन विभागाच्या टेबलावर आहे, आणि लेआउटची फाइल त्या टेबलावर जातच नाही.

आता जमिनीची बाजू. मध्य प्रांताच्या काळात मालगुजारी, म्हणजे जमीनदारामार्फत सारा भरणाऱ्या, गावांच्या नोंदींमध्ये शेतीला न येणारी, खुरट्या झाडोऱ्याची, गुरे चारायची जमीन ‘झुडपी’ म्हणून लिहिली जाई. गावाचा निस्तार, म्हणजे सरपण, चराई, मुरूम, त्यावर चाले. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मुंबई राज्यात आले तेव्हा या नोंदी सोबत आल्या आणि तशाच राहिल्या. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत मिळून अशी सुमारे ८६,००० हेक्टर जमीन वादात होती. वनीकरणाच्या दृष्टीने ती निकामी मानली गेली, कारण उथळ मुरमाड मातीत साग धरत नाही.

सरपटणाऱ्या प्राण्यांना मात्र हीच जमीन मानवते. उघडा दगड सकाळी लवकर तापतो, आणि ज्यांचे शरीर बाहेरच्या उन्हावर चालते त्यांना तोच हवा असतो. झुडपांची विरळ सावली दुपारी आसरा देते. वारुळात उन्हाळ्यातही ओल टिकते. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा वरचा मुरूम भाजत असतो, पण खोल बिळात अंडी तग धरतात. उंदीर, पाली, बेडूक, वाळवी हे सगळे हाताशी असते. बाजूला काळ्या मातीचे शेत असेल तर उन्हाळ्यात पडणाऱ्या खोल भेगा हा आणखी एक आसरा. दाट जंगलापेक्षा अशा झुडपी-शेत-नाला सांध्यावर नाग, धामण, घोणस आणि घोरपड हटकून भेटतात.

वन संवर्धन कायदा २५ ऑक्टोबर १९८० चा. जंगलाची जमीन वनेतर कामाला द्यायची तर केंद्राची मंजुरी हवी, हे त्याने ठरवले. पण ‘जंगल’ कोणते? १२ डिसेंबर १९९६ ला सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन प्रकरणात सांगितले की शब्दकोशातल्या अर्थाने जे जंगल आहे आणि सरकारी नोंदीत जे जंगल म्हणून लिहिले आहे, ते जंगल, मालकी कोणाचीही असो. झुडपी जमिनीवर तोवर वस्त्या, शाळा, रस्ते, सरकारी इमारती उभ्या होत्या. वाद जवळपास तीन दशके चालला. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमीन जंगलच असल्याचे मान्य केले. १९९६ च्या त्या तारखेआधी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे एकत्रित प्रस्ताव पाठवायचा, आणि तीन हेक्टरपेक्षा लहान, कोणत्याही जंगलाला न लागलेले तुकडे ‘संरक्षित वन’ म्हणून जाहीर करायचे, असा तोडगा दिला. या खटल्यात माणसांच्या घरांचा प्रश्न होता, वनीकरणाचा होता. साप-घोरपडींचा आसरा टिकला तर तो गुरांच्या चराईसाठी केलेल्या एका जुन्या नोंदीमुळे.

झुडपीची नोंद नसलेल्या शेतजमिनीचा मार्ग वेगळाच. नागपूर सुधार प्रन्यास १९३६ च्या कायद्याने आली. प्रादेशिक नियोजन व नगररचना कायदा आणि महसूल संहिता दोन्ही १९६६ चे. मंजुरी न घेता पडलेल्या लेआउटची गाठोडी नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ या आकड्यांनीच ओळखली जातात. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने ते नियमित करण्याची वाट उघडली. मग डिमांड नोट, म्हणजे शुल्काची मागणी, भरा, आरएल (रिलीज लेटर) घ्या, बांधकाम करा. इथे नुकसान आधीच झालेले असते. नियमितीकरणाच्या अर्जापर्यंत वारूळ कधीच सपाट झालेले असते, म्हणून त्या टप्प्यावर अट घालूनही उपयोग नसतो. आता सातशेहून अधिक गावे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत आहेत.

पर्यावरणाचा प्रश्न जमिनीच्या कागदात एकाच ठिकाणी विचारला जातो. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचनेत २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्राला मंजुरी लागते. तिच्या फॉर्म १ मध्ये संरक्षित किंवा संवेदनशील प्रजाती प्रजनन, घरटी, अन्न, विश्रांतीसाठी वापरतात अशी क्षेत्रे आसपास आहेत का, हा रकाना आहे. फॉर्म १-अ मध्ये तर प्राणी विस्थापित होतील का किंवा त्यांच्या वाटेत अडथळा येईल का, असे थेट विचारले आहे. त्यासमोर बहुधा ‘नाही’ लिहिले जाते, कारण पाहणी दुपारी, एखाद्या दिवसाची होते. भर दुपारी नागपूरच्या उन्हात साप दिसणारच नाही. पाहणी करायची तर सकाळी आठ ते साडेदहा आणि अंधार पडल्यावर दोन तास, किमान पावसाआधी एकदा आणि पावसानंतर एकदा. पत्र्याचे किंवा जाड रबराचे अर्धा मीटर लांब-रुंद तुकडे झुडपांच्या कडेला टाकून ठेवले तर त्यांखाली आसऱ्याला आलेले प्राणी मोजता येतात. ते तुकडे उचलताना हात नव्हे, लांब हुक वापरायचा. आणि ५० हेक्टरपेक्षा लहान, नुसत्या प्लॉटच्या लेआउटला ही मंजुरी लागतच नाही. शहराच्या कडेचे बहुतेक लेआउट याच गटात मोडतात.

काम कधी करावे हा सगळ्यात अवघड भाग. धामण आणि नाग उन्हाळ्यात ते पावसाच्या तोंडाशी अंडी घालतात. नागाची अंडी साधारण दोन महिन्यांत फुटतात आणि मादी जवळ थांबते. घोणस अंडी घालत नाही, पिल्ले मे ते जुलैत जास्त दिसतात. घोरपड मात्र पावसाळ्यात बीळ खणून अंडी घालते, बीळ मातीने बुजवते, आणि पिल्ले बाहेर यायला सहा ते आठ महिने लागतात. म्हणजे एप्रिल-मेमध्ये सपाटीकरण केले तर नागाची अंडी जातात, दिवाळीनंतर केले तर घोरपडीची. त्यातल्या त्यात बरा काळ ऑक्टोबर-नोव्हेंबरचा. सापांची अंडी फुटून गेलेली असतात आणि मोठे प्राणी हालचालीत असल्यामुळे पळू शकतात. घोरपडीची ताजी बुजवलेली बिळे त्याआधी, सप्टेंबरात, हुडकून खुणा लावून ठेवावी लागतात आणि तेवढा भाग पिल्ले बाहेर येईपर्यंत सोडावा लागतो.

प्रत्यक्षात चूक होते ती दिशेची. जेसीबी शेताच्या चारही कडांनी आत येत जातो आणि मधल्या झुडपात सगळे प्राणी कोंडतात. मग तो शेवटचा पट्टा पेटवला जातो. काम रस्त्याच्या बाजूने सुरू करून नाल्याच्या किंवा न तोडलेल्या बांधाच्या दिशेने न्यायला हवे. पहिली कापणी जमिनीपासून १५ ते २० सेंटिमीटर उंच, हाताने. मग दोन दिवस थांबायचे. दुसरी कापणी मातीलगत, आणि त्यानंतरच माती हलवायची. वारूळ असेल तर जेसीबीच्या बादलीने न उपटता वरून थर थर उघडायचे, सर्पमित्र जागेवर असताना. प्राण्याला हुसकावणेही व्याख्येनुसार शिकारीत येते, म्हणून हे सगळे वन परिक्षेत्र अधिकाऱ्याला लेखी कळवून, त्यांच्या देखरेखीत झाले पाहिजे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक अडचणीच्या वेळेसाठी आहे, नियोजनासाठी नाही.

उचलून गोरेवाड्याच्या जंगलात सोडले की झाले, हा समज खोडून काढावा लागतो. अनोळखी जागी सोडलेला साप परतीच्या शोधात नेहमीपेक्षा खूप भटकतो, रस्त्यावर येतो, आणि सोडलेल्यांतले बरेच टिकत नाहीत. एकाच जागी सगळ्या शहरातले साप सोडले तर तिथे खाद्यही पुरत नाही.

नव्या लेआउटमध्ये पहिल्या पावसात घराघरात साप निघतात, त्याचेही कारण याच कामात आहे. काळ्या मातीच्या भेगा पहिल्या सरींनी मिटतात, उरलेली बिळे पाण्याने भरतात, मलब्याच्या ढिगात उंदीर वाढलेले असतात. उभ्या भिंतींच्या काँक्रीट नाल्या आणि सेप्टिक टँकचे उघडे खड्डे यांत पडलेला प्राणी वर येऊ शकत नाही. खड्ड्यात तिरकी खडबडीत फळी ठेवली आणि रोज सकाळी काम सुरू करण्याआधी पाहिले, तर हा प्रश्न बराच सुटतो. मालगुजारी तलाव आणि बोड्यांचा (लहान तळ्यांचा) गाळ उन्हाळ्यात काढतानाही हेच. मऊ पाठीचे कासव चिखलात निपचित असते आणि गाळासोबत टिप्परमध्ये जाते. गाळ काठावर एक रात्र पसरून ठेवला तर कासवे निघून जाऊ शकतात.

यातले बरेचसे आजच्या कायद्यातच बसवता येते. नगररचना कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे नियोजन प्राधिकरण मंजुरी देताना अटी घालू शकते. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीत किमान १० टक्के मोकळी जागा सोडावीच लागते. ती बहुधा विकायला अडचणीच्या कोपऱ्यात ढकलली जाते आणि सपाट करून तिथे लॉन लावले जाते. तीच जागा नाल्याला आणि वारुळाला लागून आखायची, माती न हलवता ठेवायची, दगड-लाकडांचे दोन-तीन ढीग तिथेच राहू द्यायचे. नाल्याकडच्या कुंपणभिंतीला, आणि फक्त त्याच भिंतीला, दर दहा मीटरवर जमिनीलगत १५ सेंटिमीटरची चौकोनी वाट ठेवायची. प्लॉटकडची बाजू अखंड राहील, म्हणजे रहिवाशांची भीतीही सांभाळली जाईल. या अटी तात्पुरत्या मंजुरीच्या पत्रातच लिहायच्या, कारण अंतिम मंजुरीपर्यंत जमीन सपाट झालेली असते.