स्टीम खातं हॅक झालं? परत मिळवण्याची प्रक्रिया, पात्रता आणि लागणारे पुरावे

मित्राच्या डिस्कॉर्ड (गेमर्सच्या गप्पांचं अ‍ॅप) खात्यावरून भाच्याला निरोप आला, ‘मी गेम बनवलाय, खेळून बघ ना.’ त्याने फाइल चालवली, पण काहीच उघडलं नाही. संध्याकाळपर्यंत त्याच्या स्टीम खात्याचा, म्हणजे ज्यावरून कॉम्प्युटर गेम विकत घेऊन खेळतात त्या खात्याचा, ईमेल बदललेला होता. घाबरून त्याने त्याच कॉम्प्युटरवरून सगळे पासवर्ड बदलले, आणि नवे पासवर्डही चोराच्या हाती गेले. अशी फाइल टाइप केलेला पासवर्ड टिपतेच, शिवाय ब्राउझरमधलं चालू लॉगिनही उचलते.

म्हणून आधी त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट बंद करा. पुढचं सगळं फोनवरून किंवा दुसऱ्या कॉम्प्युटरवरून करायचं. सुरुवात ईमेलपासून करा: पासवर्ड बदला, दुहेरी पडताळणी लावा आणि तुमच्या मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, हे सेटिंगमध्ये तपासा.

मग स्टीम सपोर्टच्या अधिकृत साइटवर (हेल्प डॉट स्टीमपॉवर्ड डॉट कॉम) लॉगिन न करता खातं चोरीला गेल्याचा पर्याय निवडा. जुना ईमेल किंवा फोन नंबर टाकून खातं शोधा. त्यांचा ताबा उरला नसेल, तर तसं सांगून मालकीच्या पुराव्याचा फॉर्म भरा. याला शुल्क नाही. ‘पैसे द्या, खातं आणून देतो’ म्हणणारा दुसरा चोरच समजा.

पात्रतेची अट एकच, खातं मुळात तुम्हीच उघडलेलं हवं. स्टीमच्या नियमांनुसार खातं विकता-विकत घेता येत नाही, त्यामुळे कुणाकडून घेतलेल्या खात्यावर दावा टिकत नाही. इथे आधार-पॅनवर काही ठरत नाही, खरेदीचा माग लागतो. खातं उघडतानाचा ईमेल, पूर्वी जोडलेला फोन नंबर, खरेदीच्या पावत्या, यूपीआय किंवा कार्डच्या व्यवहाराचा तपशील, डबाबंद गेमवरची छापील की (गेम सुरू करण्याचा कोड), जे सापडेल ते जोडा. सर्वांत जुनी पावती मला सगळ्यात मोलाची वाटते, कारण चोराकडे ती सहसा नसते. ओटीपी आणि सीव्हीव्ही मात्र कुणालाच देऊ नका.

खातं हाती आल्यावर सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. चोराने वेब एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला खात्याची माहिती देणारी किल्ली) तयार केली असेल तर ती रद्द करा, नाहीतर तुमच्या ट्रेडवर, म्हणजे गेममधल्या वस्तूंच्या देवाणघेवाणीवर, त्याची नजर राहते. फोनवर स्टीम गार्ड (स्टीमची दुहेरी पडताळणी) चालू करा. त्याचा ‘आर’ने सुरू होणारा रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. गेममधल्या गेलेल्या वस्तू स्टीम सहसा परत देत नाही. काउंटर-स्ट्राइक 2 या गेममधल्या संरक्षित (ट्रेडनंतर 7 दिवस राखून ठेवलेल्या) वस्तूंचे ट्रेड मात्र त्या 7 दिवसांच्या आत उलटवता येतात, तेव्हा दिरंगाई नको.

कॉम्प्युटरवर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसचं ऑफलाइन स्कॅन चालवा. तरीही शंका राहिली, तर कामाच्या फाइल्स बाजूला काढून विंडोज नव्याने टाका. मी भाच्याला तेच करायला लावलं.

बँकेतून पैसे गेले असतील तर आधी बँकेला आणि 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66सी (66C) खाली गुन्हा आहे. तक्रारीसाठी निरोपाचे स्क्रीनशॉट, ईमेल बदलल्याची सूचना आणि बँकेचं स्टेटमेंट लागेल. विंडोज पुसण्याआधीच ते वेगळं जपून ठेवा.