छुपे होल्स्टर

पिस्तूल किंवा रिव्हॉल्वर कपड्यांआड, अंगालगत बाळगण्यासाठी हाताने घडवलेले चामड्याचे म्यान. तलवारीच्या म्यानाने धार जपली की झाले; होल्स्टरला त्याहून मोठी काळजी चापाची घ्यावी लागते. साध्या चामडी पिशवीहून ते वेगळे ठरते ते एका गोष्टीने. त्याचे चामडे ओले असताना नेमक्या त्याच मॉडेलच्या पिस्तुलावर दाबून वाळवलेले असते. वाळल्यावर तो आकार चामड्यात कायम राहतो आणि पिस्तूल बटण-पट्टीवाचूनही जागचे हलत नाही.

ही वस्तू मुख्यतः अमेरिकेची. तिथल्या अनेक राज्यांत सामान्य नागरिक भरलेले पिस्तूल कमरेला लावून, वरून शर्ट सोडून, दिवसभर आपल्या कामाला जाऊ शकतो. या प्रघाताला ‘कन्सील्ड कॅरी’ म्हणतात. बारा-चौदा तास अंगावर राहणारी वस्तू टोचली, घसरली किंवा घामाने कुजली तर माणूस चार दिवसांत ती कपाटात ठेवून देतो. हस्तनिर्मित होल्स्टरांची मागणी टिकून आहे ती बरीचशी या रोजच्या सोयीसाठी.

चांगल्या होल्स्टरकडून असलेल्या अपेक्षा मात्र एकमेकींशी भांडतात. पिस्तूल धावताना-वाकताना पडू नये इतके घट्ट हवे, पण एका हाताने एका झटक्यात निघावे इतके सैलही. शर्टावर त्याचा उठाव दिसू नये (याला तिथे ‘प्रिंटिंग’ म्हणतात) म्हणून ते अंगाला चिकटून हवे. पण मुठीखाली बोटे शिरायला जागा उरली नाही तर ते बाहेर काढणार कसे? हा झगडा कुठल्याही एका नमुन्यात पूर्ण मिटलेला नाही. कारागिरांचे कौशल्य म्हणजे कुणाला किती झुकते माप द्यायचे याचा अंदाज.

इतिहास

सतराव्या शतकात होल्स्टर म्हणजे खोगिराच्या पुढच्या अंगाला टांगलेली पिस्तुलाची पिशवी. घोडेस्वाराचे पिस्तूल इतके लांबलचक असे की कमरेचा विचारच नको. सॅम्युअल कोल्टने १८३६मध्ये रिव्हॉल्वरचे अमेरिकन पेटंट घेतले आणि पुढच्या काही दशकांत शस्त्र खोगिरावरून पट्ट्यावर आले. होल्स्टर शिवणारे बहुधा खोगीर शिवणारेच असत, त्यामुळे खोगिरावरची फुलेपाने होल्स्टरवरही उमटली. लपवण्याचा संबंध नव्हता. उलट शस्त्र लपवणे दगाबाजीचे मानले जाई. केंटकी आणि लुइझियाना या राज्यांनी १८१३मध्येच छुप्या शस्त्रांविरुद्ध कायदे केले होते.

आधुनिक घडण सुरू होते ती चामडे कमी करण्यापासून. १९२०च्या दशकात टेक्सासमधल्या एल पासोत एस. डी. मायरेस या खोगीर-कारागिराने टॉम थ्रीपर्सन्स या पोलिस अधिकाऱ्यासाठी केलेल्या होल्स्टरात सगळे फालतू चामडे छाटले होते. रिव्हॉल्वर तिरके बसे. घोडा (काडतुसावर आदळणारा मागचा भाग) आणि चाप दोन्ही उघडे. हात पडताच बोट चापावर जावे, हा तेव्हाचा हिशेब. आज कुठलाही जाणता कारागीर उघड्या चापाचे छुपे होल्स्टर शिवून देणार नाही.

खऱ्या अर्थाने ‘लपवण्यासाठी’ विचार केला तो शहरांनी. न्यूयॉर्कच्या चिक गेलॉर्ड यांनी १९५०च्या दशकात साध्या वेशातल्या पोलिसांसाठी सपाट, नक्षी नसलेली, शस्त्राबरहुकूम घडवलेली होल्स्टर्स बनवली. पुढची मोठी उडी ब्रूस नेल्सन यांची. ते स्वतः कॅलिफोर्नियाच्या अमली पदार्थविरोधी खात्यात वेष पालटून काम करत, म्हणजे गिऱ्हाईकही तेच आणि कारागीरही तेच. १९७०च्या दशकातल्या त्यांच्या ‘समर स्पेशल’ या नमुन्यात होल्स्टर पँटच्या आत जाते. चामड्याची खरखरीत बाजू बाहेर असते, त्यामुळे ते कपड्याला धरून राहते; गुळगुळीत बाजू आत, म्हणून पिस्तूल अडत नाही. तोंडाच्या पट्टीत धातूची पातळ पट्टी शिवलेली. आयडाहोतल्या मिल्ट स्पार्क्स यांनी हा नमुना रीतसर परवानगीने बनवून सर्वदूर नेला. नेल्सन यांचाच ‘आस्किन्स ॲव्हेंजर’ हा पट्ट्याबाहेरचा नमुना. त्यात मागच्या लूपमुळे मूठ बरगडीकडे ओढली जाते. या दोघांच्या पोटजाती आज इतक्या आहेत की मूळ नमुना कोणाचा हे विकणाऱ्यांनाही ठाऊक नसते. खांद्याला अडकवायच्या प्रकाराच्या आजच्या रूपाचे श्रेय बरेचसे रिचर्ड गॅलॅगर यांना जाते. शिकागोतल्या त्यांच्या ‘जॅकअ‍ॅस लेदर’ या दुकानाचीच पुढे ‘गॅल्को’ ही कंपनी झाली आणि ॲरिझोनातल्या फिनिक्सला गेली.

चामडे

होल्स्टरला वनस्पतिजन्य टॅनिनने कमावलेलेच चामडे लागते. ओक, चेस्टनट, मिमोसा, क्वेब्राचो अशा झाडांच्या सालीतून किंवा लाकडातून काढलेल्या अर्कात कातडे मुरते आणि याला काही आठवडे लागतात. क्रोमियमच्या क्षारांनी ते एका दिवसात कमावता येते. हातमोज्यांना आणि जॅकेटांना असे चामडे उत्तम, पण ते ओले करून दाबले तरी वाळताना मूळ पदावर येते आणि त्यातले क्षार पोलादाचा रंग घालवतात. सेंट लुईसमधली हर्मन ओक (स्थापना १८८१) आणि पेनसिल्व्हेनियातली विकेट अँड क्रेग (स्थापना १८६७, टोरांटो) या दोन टॅनरींची नावे कारागिरांच्या बोलण्यात सतत येतात.

जाडी औंसांत मोजतात. एक औंस म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, सुमारे ०.४ मिलिमीटर. होल्स्टरला सात ते नऊ औंस, म्हणजे अंदाजे २.८ ते ३.६ मिलिमीटर जाडी चालते. गाईबैलांचे चामडे सर्वांत जास्त वापरात आहे. घोड्याचे चामडे त्याच जाडीला अधिक घट्ट, ताठ आणि घामाला दाद न देणारे असते. कापायला कठीण, वळवायला हट्टी आणि महागही. पँटच्या आतल्या पातळ होल्स्टरला ते शोभते. शार्क, हत्ती, शहामृग यांच्या कातड्याची वरची पट्टी लावून घेणारेही आहेत; त्याने शोभा वाढते, बाकी काही नाही.

घडण

पिस्तूल कागदावर ठेवून बाह्यरेषा काढतात आणि तिच्यापासून अंतर राखून शिवणीची रेघ आखतात. सगळे यश या अंतरात आहे. शस्त्राच्या निम्म्या जाडीत चामड्याची जाडी मिळवून ते ठरते. दोन मिलिमीटर कमी पडले तर पिस्तूल आत जाणार नाही, तेवढेच जास्त झाले तर नंतर कितीही दाबले तरी पकड येणार नाही. मग रापीने कापणे, कडा उतरवणे, चिकटवणे, शिवणीसाठी खाच पाडणे आणि आरीने भोके.

हाताची शिवण एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घालतात. प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट जातात. एक टाका तुटला तरी शेजारचे धरून राहतात. यंत्राच्या शिवणीत वरचा आणि खालचा दोरा चामड्याच्या पोटात एकमेकांत अडकतो, त्यामुळे एक झिजला की शेजारचे सैल पडू शकतात. तरीही ‘हस्तनिर्मित’ म्हणून विकली जाणारी बरीच होल्स्टर्स जाड चामड्याच्या शिलाई यंत्रावरच शिवलेली असतात, आणि त्यात फसवणूक मानायचे कारण नाही. पॉलिएस्टर किंवा नायलॉनचा दोरा आणि नीट ताण असेल तर ती वर्षानुवर्षे टिकते. खरे हस्तकौशल्य पुढच्या पायरीत आहे.

शिवलेले होल्स्टर कोमट पाण्यात बुडवतात आणि बुडबुडे थांबले की काढतात. लगेच हात लावायचा नाही. वरचा गडदपणा उडून मूळ रंग परतू लागला की चामडे मळलेल्या मातीसारखे वागते: नखाची खूण राहते, पण दाबल्यावर पाणी सुटत नाही. तेव्हा त्यात शस्त्र घालतात. शस्त्र म्हणजे बहुधा निळ्या प्लॅस्टिकची भरीव प्रतिकृती, ‘ब्लू गन’. तिच्या पाठीवर लाकडाची बारीक काडी चिकटवलेली असते. या काडीने पडलेल्या पन्हाळीतून नळीवरची माशी (नेम धरायची खुंटी) न अडकता सरकते. आधी अंगठ्यांनी, मग हाडाच्या किंवा हरणाच्या शिंगाच्या गुळगुळीत काडीने चापाच्या कडीभोवती, काडतुसाची टरफले बाहेर पडतात त्या खिडकीच्या कडेने, स्लाइडच्या (पिस्तुलाच्या मागे-पुढे सरकणाऱ्या वरच्या भागाच्या) काठाने चामडे दाबत जातात. फार जोर केला तर पिस्तूल अडकून बसते, कमी केला तर नुसते चित्र उमटते, पकड येत नाही.

वाळवायला मंद ऊब लागते, पन्नास अंश सेल्सिअसच्या आतबाहेर. घाई करून तापवले तर बिघडते. असे ओले चामडे सत्तर-ऐंशी अंशांना आकसते आणि ठिसूळ होते. शेवटी रंग, वरचा संरक्षक थर आणि कडा. पाणी आणि मेण लावून कॅनव्हासने घासलेली कड काचेसारखी चमकते. चामड्याचे दोन थर कुठे जुळले ते दिसत नसेल तर कारागिराने तिथे वेळ दिला आहे असे समजावे.

जागा आणि झुकाव

अंगावरची जागा घड्याळाच्या काट्यांनी सांगतात; बेंबी म्हणजे बारा. उजव्या हाताच्या माणसाचे होल्स्टर बहुधा तीन ते पाचच्या दरम्यान, तर पोटाशी लावायचे एकच्या आसपास असते. मूठ पुढे झुकवण्याला ‘कॅन्ट’ म्हणतात. पंधरा अंशांच्या आसपासचा झुकाव एफबीआयच्या नावाने ओळखला जातो. कंबरेच्या मागे मूठ उभी राहिली तर शर्ट वर उचलते, झुकली तर पाठीच्या वळणात मिसळते. ऐन मणक्यावर लावणे मात्र टाळावे, कारण पाठीवर पडल्यास लोखंड थेट हाडात रुततं. घोट्याची आणि खिशातली होल्स्टर्स छोट्या शस्त्रांपुरती. या सगळ्यांहून महत्त्वाचा आणि हमखास विसरला जाणारा भाग म्हणजे पट्टा. दुहेरी चामड्याचा, दीड इंची, होल्स्टरच्या लूपमध्ये चपखल बसणारा पट्टा नसेल तर उत्तम होल्स्टरही लोंबकळते.

तोंड

पिस्तूल काढताना होणाऱ्या चुका सगळ्यांना आठवतात. अपघात मात्र ते परत ठेवताना जास्त संभवतो. पिस्तूल बाहेर आले की पट्ट्याचा आणि पोटाचा दाब पँटच्या आतल्या होल्स्टरचे तोंड मिटवतो. मग लोक ते दुसऱ्या हाताने उघडायला जातात आणि स्वतःचाच हात नळीसमोर आणतात. नेल्सन यांच्या नमुन्यातली धातूची पट्टी यासाठीच. ग्लॉकसारखी, बाहेरून हाताने लावायची सुरक्षेची कळ नसलेली पिस्तुले १९८०च्या दशकापासून पसरली, तसा हा मुद्दा आणखी गंभीर झाला. जुन्या, मऊ पडलेल्या होल्स्टरची दुमडलेली कड चापाच्या कडीत शिरून गोळी सुटू शकते. शर्टाचे टोक किंवा जॅकेटची ओढायची दोरी आत गेली तरी तेच. म्हणून पिस्तूल परत ठेवताना घाई नको. नजर होल्स्टरवर हवी.

प्लॅस्टिकशी तुलना

कायडेक्स हे अ‍ॅक्रिलिक आणि पीव्हीसीचे मिश्र प्लॅस्टिक १९६०च्या दशकात आले आणि पुढे बिल रॉजर्स या माजी एफबीआय एजंटसारख्यांनी ते होल्स्टरांत रुजवले. ते घाम पीत नाही, तोंड उघडे ठेवते, ‘टक्’ आवाज करून शस्त्र धरते आणि तासाभरात तयार होते. नळीखाली दिवा लावलेल्या पिस्तुलासाठी तर तेच बरे. एवढा फुगवटा चामड्यात नीट उतरवणे अवघड. निव्वळ सुरक्षिततेच्या तराजूत प्लॅस्टिक जड भरते हे मान्य करायला हवे. चामड्याची बाजू वेगळी आहे: ते कमरेच्या वळणाला जुळते, खुर्चीवर आदळून आवाज करत नाही, पिस्तुलाचा मुलामा कमी खरवडते. शिवाय नामांकित कारागिराकडे काही महिने ताटकळायची तयारी असलेले गिऱ्हाईक केवळ उपयोगासाठी थांबत नसते.

कायद्याची चौकट

मागणीचा चढउतार कायद्याशी बांधलेला आहे. न्यूयॉर्कने १९११मध्ये सुलिव्हन कायद्याने परवाना सक्तीचा केला. फ्लोरिडाने १९८७मध्ये उलट दिशा धरली: अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यायलाच हवा. मग बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली; छुपे शस्त्र बाळगायला मुभा देणारे सर्वांत शेवटचे राज्य इलिनॉय, २०१३मध्ये. २०२२च्या ब्रूएन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्वसंरक्षणासाठी घराबाहेर शस्त्र बाळगणे हा घटनात्मक हक्क ठरवला. निम्म्याहून अधिक राज्यांत आता परवानाही लागत नाही. टेक्सासमध्ये उघड्यावर पिस्तूल बाळगायचे तर ते खांद्याच्या किंवा कमरेच्या होल्स्टरात हवे, अशी अट होती; २०२१पासून ‘होल्स्टर’ एवढाच शब्द उरला.

निगा

नवे होल्स्टर हमखास फार घट्ट लागते. रिकामे केलेले, पुन्हा तपासलेले पिस्तूल पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून रात्रभर आत ठेवले की सकाळी पकड माफक होते. तेल मात्र चोळू नये. जोड्याला जे तेल मऊपणा देते तेच होल्स्टरचा आकार घालवते. पाण्यात भिजले तर सावलीत, आपोआप वाळू द्यावे. पिस्तूल महिनोन्महिने आत ठेवून देणेही वाईट. चामडे ओलावा धरते, टॅनिन आम्लधर्मी असते, आणि पोलादावर गंज येतो, पितळी काडतुसांवर हिरवा थर चढतो.

शिवण उसवली तर कारागीर ती पुन्हा घालून देतो. पकड सैल झाली तर ओले करून परत दाबताही येते. तोंड ढेपाळले, बोटाने दाबल्यावर कड आत वळू लागली, तर ते होल्स्टर टाकून द्यावे. टाकताना कापूनच टाकावे, म्हणजे दुसरे कुणी ते कमरेला लावणार नाही.