सूत्रातलं अक्षर

तरंगाचा वेग म्हणजे वारंवारता गुणिले तरंगलांबी. शाळेपासूनचं सूत्र. वेगासाठी रोमन 'व्ही', वारंवारतेसाठी ग्रीक 'न्यू'. ही दोन अक्षरं तिरक्या वळणात छापली की अनेक फॉन्टांत जुळ्या भावंडांसारखी दिसतात, आणि समीकरणाच्या दोन्ही बाजूंना एकच राशी आहे असं वाटू लागतं. मजकुरात एखादं अक्षर पुसट झालं तरी शेजारची अक्षरं सांभाळून घेतात. सूत्रात तो आधार नाही. तिथे एकेक अक्षर हाच अख्खा शब्द. तिरका 'एम' म्हणजे वस्तुमान, उभा 'एम' म्हणजे मीटर.

म्हणून प्रबंधाची अक्षरजुळणी करताना आधी गणिताचा फॉन्ट ठरवावा आणि मजकुराचा त्याला साजेसा शोधावा, असं माझं ठाम मत आहे. मजकुराचे देखणे फॉन्ट उदंड आहेत, गणिताचे मोजकेच. गणिताच्या फॉन्टला शेकडो चिन्हं लागतात, आतल्या अपूर्णांकाएवढे वाढणारे कंस लागतात, ताणलं जाणारं वर्गमुळाचं चिन्ह लागतं.

1977मध्ये अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड क्नूथ यांच्या हाती त्यांच्याच ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली. ती इतकी खटकली की त्यांनी स्वतःच 'टेक' ही जुळणीची प्रणाली आणि 'कॉम्प्युटर मॉडर्न' हे फॉन्ट घडवले. त्यातली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. नेहमीचं अक्षर 10 पॉइंटांचं (पॉइंट हे छपाईतलं अक्षराच्या आकाराचं माप), पादांक, म्हणजे अक्षराच्या पायाशी बसणारं छोटं चिन्ह, 7चा, पादांकाचा पादांक 5चा. आणि या तिन्ही आकारांची अक्षरं वेगवेगळी रेखलेली. 5 पॉइंटांचं अक्षर उंचीच्या मानाने रुंद आणि जाडसर असतं. मोठं अक्षर नुसतं आक्रसून घेतलं, तर पादांक फिका पडतो आणि डोळे ताणावे लागतात.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस 2007सोबत आलेल्या 'कॅम्ब्रिया मॅथ' या गणिताच्या फॉन्टमध्ये अपूर्णांकाची रेघ किती जाड, घातांक किती उंच, ही मापं फॉन्टच्या पोटातच साठवलेली होती. आज अनेक फॉन्टांत ती सोय आहे.

जोडी जमवताना लहान अक्षरांची उंची आणि रेषेची जाडी जुळते का, ते पाहा. मग एक पान छापा, कागदावर, प्रत्यक्ष आकारात: 'व्ही'शेजारी 'न्यू', 'ए'शेजारी 'अल्फा', 'डब्ल्यू'शेजारी 'ओमेगा', 'एल'शेजारी 1, आणि पादांकाला पादांक. विषय माहीत नसलेल्या कुणाला तरी ते मोठ्याने वाचायला सांगा. जिथे तो अडखळेल, तिथे फॉन्ट बदला.